माणसे घटतात, बंगले वाढतात, बौद्धवाडीचे काय?

सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ च्या जनगणनेत ती ८ लाख ४९ हजार ६५१ भरली. दहा वर्षांत १९ हजार १७४ माणसे कमी! याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळजवळ सोळा टक्क्यांनी वाढली. शेजारचा रत्नागिरी जिल्हा तर सिंधुदुर्गापेक्षाही जास्त घटला. आणि घट नोंदवणाऱ्या जिल्ह्यांत आणखी एक नाव होते, ते म्हणजे मुंबई शहर. ज्या गिरणगावात कोकणी माणूस पोट भरायला गेला ते गिरणगावही त्याच काळात रिकामे होत होते. म्हणजे आमचा माणूस गावातून उठला, परळ-लालबागमधूनही उठला आणि नालासोपारा, विरार, दिवा, बदलापूर गाठू लागला. त्याच्या नावाने गावात उरले ते कुलूप लावलेले घर.

या आकड्यांकडे आपल्या चळवळीने आजवर पुरेसे लक्ष दिलेले नाही. लोकसंख्येचा अंदाज हा कारकुनाचा विषय आहे असे आपण समजतो. तो कारकुनाचा विषय नाही. वीस-तीस वर्षांनी कोणत्या वाडीत किती माणसे राहतील हे आज कागदावर ठरते आणि त्या कागदावरून टाकी, शाळा, रस्ता, घरकुल आणि पंचायतीतली जागा ठरते. कागदावर जी वाडी संपली तिच्यापर्यंत पुढे काहीच पोहोचत नाही.

हा अंदाज काढतात तरी कसा? केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०२० साली २०११ ते २०३६ या काळाचे लोकसंख्येचे अंदाज प्रसिद्ध केले, पण ते देशाचे आणि राज्यांचे आहेत. जिल्ह्यासाठी, तालुक्यासाठी, गावासाठी मात्र जो तो अभियंता आणि जो तो सल्लागार मागच्या जनगणनांचे आकडे घेऊन रेघ पुढे ओढतो. आता सिंधुदुर्गाची रेघ ओढून पाहा. १९९१ साली जिल्ह्यात ८ लाख ३२ हजार १५२ माणसे होती. १९९१ ते २००१ या दशकाची वाढ धरून पुढे गेलात तर २०११ साली ९ लाख ५ हजारांवर माणसे असायला हवी होती. प्रत्यक्षात ती जवळजवळ ५६ हजारांनी कमी निघाली. साधारण निम्मा मालवण तालुका म्हणा ना! तीच रेघ २०३१ पर्यंत नेली तर आकडा पावणेदहा लाखांच्या पुढे जातो. उलट २००१ ते २०११ ची घट धरून रेघ ओढली तर २०३१ साली जिल्ह्यात ८ लाख ११ हजार माणसे दिसतात. जिल्हा एक, साल एक, फरक १ लाख ६७ हजारांचा. कोणते दशक धरायचे हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात जिल्ह्याचे भविष्य. आणि आम्हाला असे दिसते की सरकारी खर्च कमी करायचा असला की घटीचे दशक धरले जाते आणि जमिनीचा बाजार तेजीत आणायचा असला की वाढीची भाषा सुरू होते.

शिवाय या रेघेत माणूस दिसत नाही. २०११ साली जिल्ह्यात ४ लाख १७ हजार ३३२ पुरुष आणि ४ लाख ३२ हजार ३१९ स्त्रिया होत्या. म्हणजे हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया. राज्यात हे प्रमाण ९२९ होते. काही विद्वान या आकड्याचे कौतुक करतात, कोकणात स्त्रीचा सन्मान आहे म्हणतात. सन्मानाचे राहू द्या, हा मनीऑर्डरचा आकडा आहे. तरणा पुरुष मुंबईला, गोव्याला, आता पुण्याला. गावात आई, बायको, मुले. पुढे मुले शिकायला गेली की बायकोही गेली. राहिली ती आई. राज्यात दर स्त्रीमागे होणाऱ्या मुलांचे सरासरी प्रमाण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १.७ वर आले. तेव्हा माणसे बाहेर जातात आणि मागे जन्मही कमी, असा हा दुहेरी हिशेब आहे. केरळातले पथनमथिट्टा आणि इडुक्की, उत्तराखंडातले पौडी आणि अल्मोडा हे जिल्हेही २०११ साली असेच घटले होते. उत्तराखंडाने २०१७ साली पलायनाचा अभ्यास करायला स्वतंत्र आयोग नेमला.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गाव रिकामे झाले म्हणून गळा काढणाऱ्यांत आम्ही नाही. ‘कोकणचा माणूस परत आला पाहिजे’ असे गहिवरून सांगणाऱ्या भाषणांनी आम्हाला कधी गहिवर येत नाही. गाव कोणासाठी कसे होते ते आमच्या वाडवडिलांनी भोगले आहे. बाबासाहेबांनी घटना समितीत खेडेगावाविषयी जे कठोर शब्द वापरले ते त्यांनी पुस्तकात वाचून वापरले नव्हते. आमचा माणूस मुंबईला गेला तो केवळ भाकरीसाठी गेला नाही, तो वेठबिगारीतून आणि पाणवठ्यावरच्या अपमानातून सुटायला गेला. गोदीत, गिरणीत, रेल्वेत, पालिकेच्या सफाई खात्यात राबला, पण मुलांना शिकवले. या स्थलांतराला आम्ही अधोगती म्हणणार नाही.

शेतीच्या बाबतीतही बाबासाहेबांचे म्हणणे आज पुन्हा वाचण्यासारखे आहे. १९१८ साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. तुकडे जोडून जमीन मोठी केली की शेती सुधारेल, या त्या काळच्या मताला त्यांनी छेद दिला. जमिनीवर लोकांचा भार जास्त आहे, भांडवल नाही, हात रिकामे आहेत. तेव्हा उद्योग वाढवून हा भार कमी करा असे त्यांनी मांडले. त्या हिशेबाने पाहिले तर सिंधुदुर्गाच्या जमिनीवरचा भार कमी झाला. मग शेती सुधारली का? ज्याच्याकडे कलमांची बाग होती त्याची सुधारली. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, डोंगरउतारावर आंबा-काजू उभा राहिला, देवगड हापूसचे नाव जगभर झाले. पण अनुदान मिळायला सातबारा लागतो. ज्याच्या नावावर चार गुंठेही नाहीत त्याने कलम कुठे लावायचे? तो त्या बागेत फवारणीला गेला, पुढे त्याचा मुलगा मुंबईला गेला आणि आता त्याच्या जागी नेपाळचा राखणदार आहे. हा राखणदार वर्षातले कित्येक महिने इथे राहतो. त्याला राहायला मांगर. त्याच्या घराचा अंदाज कोण काढतो?

आता आकड्याचा प्रत्यक्ष मार कुठे बसतो ते पाहू. जलजीवन मिशनमध्ये दर माणशी दर दिवशी ५५ लिटर पाणी हे प्रमाण आहे. माणसे मोजायची ती गावात कायम राहणारी. पण सिंधुदुर्गात चाकरमानी येतो मे महिन्यात, जेव्हा विहिरीने तळ गाठलेला असतो. तेव्हा एका घरातली एक म्हातारी आठ माणसांची यजमानीण होते आणि नळाला धार तेवढीच. गणपतीत गाव भरते, पण तेव्हा पाऊस असतो, निभावते. शाळेचे तेच. पटसंख्या वीसच्या खाली गेली की शाळेवर गदा. बौद्धवाडीजवळची शाळा बंद झाली की राहिलेली दोन कुटुंबेही मुलांच्या शिक्षणासाठी उठतात आणि पुढच्या गणनेत वाडी आणखी लहान दिसते. अंदाज खरा ठरला असे मग अधिकारी म्हणतात! तो त्यांनीच खरा ठरवलेला असतो.

पंचायतीचा हिशेब तर वकिलाच्या नजरेने पाहण्यासारखा आहे. समजा गावाची लोकसंख्या चौदाशे, सदस्य सात, आणि त्यात अनुसूचित जातीची माणसे शंभर. प्रमाण काढले तर अर्धी जागा येते आणि अर्धा अपूर्णांक पूर्ण धरून एक जागा राखीव होते. त्यातली दहा माणसे विरारला गेली की प्रमाण अर्ध्याच्या खाली येते आणि जागा जाते. दहा माणसे! अनुसूचित जाती आणि नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांचा विकास करण्याची जी योजना आहे तिचा निधीही वस्तीच्या लोकसंख्येच्या टप्प्यांवर बसवलेला आहे. जिल्ह्यात अनुसूचित जातींचे प्रमाण आधीच सहा-सात टक्के, तेही एका ठिकाणी नाही. दहा घरांची वाडी इथे, पंधरा घरांची तिथे. मोठ्या समाजाची हजार माणसे गेली तरी त्याचा सरपंच होतो. आमची दहा गेली की आमचा सदस्य जातो.

जिल्ह्याच्या वाट्यालाही हे आलेच आहे. २००८ च्या पुनर्रचनेत सिंधुदुर्गाचे विधानसभेचे चार मतदारसंघ होते ते तीन झाले आणि राजापूर हा लोकसभा मतदारसंघ नकाशावरून गेला. पुढच्या पुनर्रचनेत काय होईल याची चिंता सगळ्याच पक्षांनी करावी. आमची चिंता त्याहून खालच्या पायरीची आहे.

एकीकडे ही घट. दुसरीकडे वाढीचे ढोल! १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. १९९८ साली कोकण रेल्वे सुरू झाली. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. मार्च २०२४ मध्ये राज्य शासनाने पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवरील १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्याची अधिसूचना काढली. त्याला ग्रामपंचायतींतून विरोध झाला. नवी मुंबई वसवणारी संस्था माणसे घटणाऱ्या गावांत कोणासाठी नियोजन करणार होती? तारकर्ली, देवबाग, आचरा, निवतीच्या रस्त्याने जा. उत्तर दिसेल. समुद्र दिसणारी जागा, चिऱ्याचा गडगा, लोखंडी फाटक, आत वर्षातून पंधरा दिवस उघडणारा बंगला. जनगणनेच्या वहीत हेही रिकामे घर आणि आमच्या चाकरमान्याचे कौले उडालेले घरही रिकामे घर. २०११ साली देशात अशी सुमारे २ कोटी ४६ लाख घरे रिकामी सापडली. जपानात २०२३ च्या पाहणीत ९० लाख. पण एक रिकामे घर वाढत्या किमतीची ठेव आहे आणि दुसरे कोसळत चाललेला वारसा आहे, हे त्या रकान्यातून कळत नाही.

किनाऱ्यावरचा कायदाही लोकसंख्येवरच बेतला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १८ जानेवारी २०१९ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने ग्रामीण भागाचे दोन गट केले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तिथे भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी. त्याहून विरळ असेल तिथे २०० मीटर. सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनता अवघी १६३. म्हणजे इथल्या बहुतेक गावांना २०० मीटरचीच मोजपट्टी लागणार. समुद्राच्या आणि पर्यावरणाच्या दृष्टीने आम्ही ती मोजपट्टी चुकीची म्हणत नाही. पण तिच्या आत पिढ्यान् पिढ्या राहणारा गाबीत, बौद्ध, भंडारी यांच्या घराची साधी दुरुस्ती कागदांवाचून अडते आणि बाहेरून आलेला मात्र सल्लागार लावून नकाशा मंजूर करून घेतो, हे रोजचे चित्र आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. घरे किती लागतील हा अंदाज माणसे मोजून निघत नाही. घराखालची जमीन कोणाच्या नावावर आहे हे मोजल्याशिवाय तो निघणारच नाही.

मालवण तालुक्यातल्या एका बौद्धवाडीतली सत्तरी ओलांडलेली आई आमच्याकडे कागद घेऊन आली होती. घरकुल मंजूर. २६९ चौरस फुटांचे. पण जागेच्या सातबाऱ्यावर सव्वीस नावे, त्यांतली निम्मी मयत, उरलेली मुंबईत, काहींचा पत्ता नाही. सगळ्यांची संमती आणा म्हणून सांगितलेले. ती म्हणाली, “वकीलसायबानू, चार भिंती माझे, पण खालची माती कोणाची ता माका अजून कोणी सांगूक नाय.” तिच्या हातात ग्रामपंचायतीचा असेसमेंटचा उतारा होता, वर्षानुवर्षे घरपट्टी भरल्याच्या पावत्या होत्या. नमुना ८ हा कर वसुलीचा कागद आहे, मालकीचा नाही; हे तिला समजावताना आमचीच जीभ जड झाली.

असे का झाले? बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. स्वातंत्र्यानंतर खोती रद्द झाली, कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, १९५८ च्या कायद्याने महार वतन गेले. कायदे झाले, पण नोंदी ज्याच्या हातात लेखणी त्याने केल्या. कसणाऱ्याचे नाव पीकपाहणीला लागले नाही. वतनाची जमीन नव्या शर्तीने परत मिळाली ती भोगवटादार वर्ग दोनची. ती एका आजोबाच्या नावे राहिली आणि नातवंडे पन्नास झाली. शिवाय कोकणातले गाव देशावरच्या गावासारखे एका जागी नसते. वाड्या विखुरलेल्या, घरे शेतजमिनीत. गावठाणाची रेघ मारली ती देवळाभोवती आणि मोठ्या घरांभोवती, बौद्धवाडी रेघेबाहेर. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मिळकत पत्रिका देण्याचा गाजावाजा झाला. गावठाणच नाही त्या वाडीवरून ड्रोन फिरला काय आणि न फिरला काय!

२०१५ सालापासून घरकुलासाठी जागा विकत घ्यायला अर्थसाहाय्य देणारी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. पण जिथे मुंबई-पुण्याचा आणि गोव्याचा पैसा गुंठ्यावर बोली लावतो, तिथे त्या रकमेत समुद्र सोडा, कातळावरचीही जागा मिळणे कठीण. बंगल्यांची वाढ आणि आमच्या घरकुलाची अडवणूक या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एका जमिनीची ती दोन टोके आहेत.

म्हणून आमची मागणी अंदाजाची पद्धतच बदलण्याची आहे. जिल्हा नियोजनात माणसांची एकच रेघ नको. कायम राहणारे, मे आणि गणपतीत येणारे, बागेत आणि होड्यांवर राबायला आलेले, आणि बंगल्यापुरते येणारे असे चार हिशेब वेगळे मांडा. त्यांच्या शेजारी वाडीवार घरठाणाचा हिशेब ठेवा: घर कोणाचे, जमीन कोणाची, शर्त कोणती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली गावठाणाची हद्द ठरवण्याचा आणि बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तो वापरून बौद्धवाड्यांची गावठाणे जाहीर करा. कुळकायद्याच्या कलम १६ ते १८ मध्ये कूळ, शेतमजूर आणि कारागीर यांच्या राहत्या घराला संरक्षण आहे, जागा विकत घेण्याचा पहिला हक्क आहे. ती कलमे वापरात आणायला नवा कायदा लागत नाही.

आणि जनगणना. २०२१ ची झालीच नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक ठरला. घरयादी २०२६ मध्ये आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये असे वेळापत्रक केंद्राने आखले. या वेळी सर्वांची जातही नोंदवायची आहे. आपल्या काही कार्यकर्त्यांनी मुंबईतल्या माणसांची नावे गावी लावण्याची कल्पना काढली आहे. ती आम्हाला मान्य नाही. माणूस जिथे राहतो तिथेच मोजला गेला पाहिजे. खोटी नोंद कायद्यानेही गुन्हा आणि चळवळीलाही घातक. पण जो गावात आहे तो सुटता कामा नये. वाडीतल्या एकट्या म्हातारीच्या घराला दुपारी कडी दिसली म्हणून ते रिकामे घर लिहिले जाऊ नये. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले म्हणून अनुसूचित जातीचा रकाना सुटू नये; १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा आहे, हे प्रगणकालाही अनेकदा माहीत नसते. गणनेच्या नोंदी जनगणना कायद्याने गुप्त असतात, त्या पुढे कोर्टात पुरावा म्हणून आणता येत नाहीत. त्यामुळे नंतर भांडून उपयोग नाही, वेळेवरच पाहिले पाहिजे.

मुंबईतल्या गावमंडळांना आणि बौद्धजन पंचायत समितीच्या शाखांना आमचे सांगणे आहे. बुद्धविहाराच्या वर्गणीबरोबर या वर्षी एक वही काढा. प्रत्येक घर, प्रत्येक सातबारा, प्रत्येक मयत खातेदार आणि त्याचे वारस त्या वहीत लिहा. मे महिन्यात सगळे गावी असतात. त्याच वेळी वारस नोंदीचे अर्ज तलाठ्याकडे आणि कलम ८५ च्या वाटपाचे अर्ज तहसीलदाराकडे एकत्र द्या. गावठाण विस्ताराचा ठराव ग्रामसभेपुढे ठेवण्यासाठी ग्रामपंचायतीला लेखी द्या, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.